हसणाऱ्यांचं व्याकरण

औरंगपुऱ्यात जोतीराव-सावित्रीबाईंचा पुतळा आहे. परवा तिथूनच जवळ, चहाच्या टपरीवर आपल्यातल्या एका पोरानं नवी कविता वाचायला घेतली. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं आणि अख्खं टोळकं खो खो हसलं. हसणारे आपलेच. पोरानं वही मिटली.

म्हणून हे जुनं प्रकरण उकरतो.

१८७३ साली जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आली. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, मग त्या पैशावर शिकतो कोण? हा त्यांचा रोकडा सवाल. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. शास्त्रीबोवांची लेखणी धारदार होती, मराठी गद्याला तिनं वळण दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जोतीरावांचं लिखाण हातात आल्यावर या लेखणीनं काय केलं? व्याकरणाच्या चुका वेचल्या. भाषेची टर उडवली. वाचणाऱ्यांची करमणूक झाली; सवाल तिथंच पडून राहिला.

टवाळीचं कामच ते. माणसाला एकदा हास्यास्पद ठरवलं की त्याला उत्तर देण्याची गरज उरत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिवू दिलं नाही, त्यांचीच अक्षरं वाकडी म्हणून हसायचं!

जोतीराव ओशाळले नाहीत. १८८२ साली शिक्षणाचा तोच सवाल त्यांनी हंटर कमिशनपुढं ठेवला. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तोही रांगड्या भाषेतच. १८८५ साली ग्रंथकार सभेचं निमंत्रण धुडकावलं. पुढं बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीनं त्यांना गुरू मानलं.

आता कुणी म्हणेल, मग आपल्या कवितेला नावंच ठेवायची नाहीत काय? ठेवा की! उसनी शिवी उसनीच असते, पोकळ ओळ पोकळच. आपला म्हणून कुणाला सूट नको. पण आधी तो काय म्हणतोय त्याला भिडा, मग ‘न’ आणि ‘ण’ बघा. हा क्रम उलटा झाला की आपणही शास्त्रीबोवांच्या पंगतीला बसलो समजा. भले गळ्यात निळा रुमाल असो.

त्या पोराची कविता अजून कुणी पुरती ऐकलेली नाही. पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तीच ऐकू.