फिर्यादी नसलेला गुन्हा

घराण्याचा शाप म्हटले की समीक्षक ग्रीकांकडे बोट दाखवतात. इ. स. पूर्व ४५८ मध्ये सादर झालेल्या ईस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत युद्धावर निघालेला आगमेम्नॉन पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी देतो. तिची आई क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारते. मुलगा ओरेस्टिस आईला मारतो. दुःख वारशाने येते, पण प्रत्येक हत्येमागे कोणीतरी दाद मागणारे उभे राहते. म्हणूनच अखेरीस अथेन्समध्ये न्यायसभा बसते आणि साखळी तुटते.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या तुलनेत मला अधिक भयंकर वाटते. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यात रक्त सांडत नाही. प्रभाचे शिक्षण घराण्याच्या इभ्रतीपायी खुंटते, चंदू घरासाठी राबून झिजतो. याला कोणी गुन्हा म्हणत नाही. घराची रीत म्हणतात. फिर्यादच नाही, तर निवाडा कुठून होणार?

या नाटकाकडे बहुधा सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाची कहाणी म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. पण ऱ्हास संपत्तीचा होतो, रीतीचा नाही. तात्याजी गेल्यावर त्यांच्या दिवसांचा खर्चही ऐपत पाहून नव्हे, इभ्रत पाहून ठरतो. माणूस गेला, हुकूम राहिला.

म्हणून हे नाटक अंगणात गंजणाऱ्या ट्रॅक्टरपासून नव्हे, प्रभापासून वाचायला हवे, असे मी म्हणतो. इफिजेनियासाठी निदान तिची आई उठली होती.