अठरा कशाचे?

‘३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?’ असे नववीच्या वर्गात विचारले, की उत्तर झटकन येते: ३६ भागिले १८, म्हणजे २. पुढे ‘हे १८ कशाचे?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. आमच्या मते याचा दोष मुलांकडे कमी आणि फळ्यावरच्या सूत्राकडे जास्त जातो.

‘मोलची संख्या = ग्रॅममधील वस्तुमान ÷ रेणुवस्तुमान’ हे ते सूत्र. त्याने उत्तर बरोबर येते, यात वाद नाही. पण ते एककांच्या कसोटीवर घासून पाहू. रेणुवस्तुमान म्हणजे एका रेणूचे वस्तुमान. पाण्यासाठी १८ डाल्टन. ग्रॅमला डाल्टनने भागले तर रेणूंची संख्या मिळते, मोल नव्हे. रेणुवस्तुमान हा नुसता अंक मानला, तर ग्रॅमचे ग्रॅमच उरतात. मग मोल आला कोठून?

भागायचे असते ते ‘दर मोलला १८ ग्रॅम’ या राशीने, म्हणजे मोलर वस्तुमानाने. ग्रॅमने ग्रॅम छेदले जातात आणि मोल उरतो. हा एक भावच आहे. केळी ६० रुपये डझन असतील, तर १२० रुपयांत किती डझन येतील, हे सांगायला बाजारात कोणी सूत्र पाठ करत नाही.

मोल आणि वस्तुमान यांची गल्लत व्हायला जुनी व्याख्याही कारणीभूत होती. १९७१ साली मोल हे मूलभूत एकक ठरले, तेव्हा त्याची व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममधील अणूंच्या संख्येवरून केली होती. २० मे २०१९ पासून मात्र एक मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. व्याख्येत आता ग्रॅमचा उल्लेखच नाही. मोल ही मोजदाद आहे, वजन नव्हे, हे शिकवायला याहून सोयीचे काय हवे?

ही गल्लत महागात पडते. पाणी तयार होण्याच्या समीकरणात हायड्रोजनमागे २ आणि ऑक्सिजनमागे १ असतो. ते आकडे ग्रॅमचे समजणारे मूल फसते; प्रत्यक्षात ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २२.४ लिटरचीही तीच गत. तो आकडा वायूचा, तोही ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा. त्याच दाबाला २५ अंशांवर तो सुमारे २४.५ लिटर होतो, आणि एक मोल द्रव पाणी तर जेमतेम १८ मिलिलिटर भरते.

‘परीक्षेत गुण सूत्रालाच मिळतात,’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण परीक्षेबाहेरही मोल भेटतो. रक्तातील ग्लुकोज भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपल्याकडचे ९० ते तिकडचे ५. एकक न वाचता ५ हा आकडा पाहणारा नाहक घाबरेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सूत्र महिनाभर बाजूला ठेवावे, आणि फळ्यावर एकही आकडा एककाशिवाय लिहू नये. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान दर मोलला १८० ग्रॅम. तेवढे सांगून ९० चे ५ कसे होतात, ते मुलांनाच काढू द्यावे.