इंडिकेटर कुणी शोधला? एका लोकप्रिय गोष्टीची उलटतपासणी

पेट झाली, आता आराखडा लिहायचाय, आणि त्यात 'या विषयावर प्रथमच अभ्यास होत आहे' असं एक वाक्य कुठंतरी बसवायचंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं सध्या हेच चाललं असणार. माझंही तेच झालं होतं. माझा विषय पातळ थरांचा, वायू ओळखणाऱ्या संवेदकांचा. तिथं दर दुसऱ्या शोधनिबंधात 'प्रथमच' असतं. पण या शब्दाचा धसका मी घेतला तो प्रयोगशाळेत नाही, गाडीच्या इंडिकेटरमुळे. ती गोष्ट आज सांगते, कारण त्यात मी केलेल्या चुका तुम्हीही करणार आहात.

आमच्याकडे विद्यार्थ्यांनी अधूनमधून आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी वीस मिनिटांत मांडायचं असतं. मी विषय घेतला तो गाडी वळताना आणि थांबताना मागच्याला खूण करणाऱ्या सुरुवातीच्या यांत्रिक साधनांचा. खर्डीची असल्यामुळे मुंबई–आग्रा रस्त्यावरचे ट्रक बघतच मोठी झालेय. वाटलं, सोपं जाईल. मांडणीत दोन ठाम विधानं केली. दोन्ही पडली. आणि ती पडल्यावर जे हाती लागलं, ते दोन्हींपेक्षा कामाचं निघालं.

विधान पहिलं: 'इंडिकेटरचा शोध एका नटीने लावला'

ही गोष्ट तुम्ही कुठंतरी वाचली असेल. फ्लॉरेन्स लॉरेन्स, जन्म १८८६, कॅनडा. अमेरिकन मूकपटांमधली गाजलेली नटी, 'बायोग्राफ गर्ल' म्हणून ओळखली जाणारी. गाड्यांची भारी हौस. गोष्ट अशी सांगतात की १९१४ च्या सुमारास तिने गाडीच्या मागे एक हात बसवला. बटण दाबलं की तो वर किंवा खाली होऊन वळण्याची दिशा दाखवायचा, आणि ब्रेक दाबला की 'थांबा' अशी पाटी वर यायची. तिने पेटंट घेतलं नाही, म्हणून श्रेय गेलं. तिची आई शार्लट ब्रिजवूड हिने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या काच पुसायच्या यंत्राचं पेटंट मात्र घेतलं.

मला ही गोष्ट मनापासून आवडली होती. पदार्थविज्ञानाच्या वर्गात मोजक्या मुलींपैकी एक असलं की अशी गोष्ट आवडणारच. विसरलेली बाई, नसलेलं पेटंट, झालेला अन्याय. मी ती पहिल्याच स्लाइडवर टाकली.

मॅडमनी एकच विचारलं, "तिच्या आधीची पेटंट पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. पाहिली तेव्हा पर्सी डग्लस-हॅमिल्टन हे नाव समोर आलं. अर्ज १९०७ चा, अमेरिकन पेटंट १९०९ मध्ये मंजूर. गाडीला बसवायची, वळण्याची आणि थांबण्याची खूण करणारी वस्तू, आणि तिचा आकार चक्क माणसाच्या पंजाचा. म्हणजे गोष्टीतल्या तारखेच्या सात वर्षं आधी कुणीतरी अर्ज करून बसलं होतं.

मग काय, नाव बदलायचं? लॉरेन्स खोडून डग्लस-हॅमिल्टन लिहायचं? मी तेच करायला निघाले होते, आणि ती पहिल्याहून मोठी चूक ठरली असती. पेटंटवरून एवढंच कळतं की अमुक तारखेला अमुक रचना कागदावर होती आणि कार्यालयाला ती नवी वाटली. ती वस्तू रस्त्यावर धावली का, विकली गेली का, मागच्याला कळली का, हे त्या कागदावर नसतं. उलट लॉरेन्सची वस्तू तिच्या स्वतःच्या गाडीवर धावली असेलही. पण पेटंटचा आराखडा नाही, म्हणून ती नेमकी कशी चालायची हे ताडून बघता येत नाही. आपल्याकडे येतं ते सांगोवांगी.

'पहिला' या एका शब्दात निदान चार वेगळे दावे लपलेले असतात: कल्पना कुणाची, कागदावर कुणी आणली, चालणारी वस्तू कुणी केली, आणि ती सर्रास गाड्यांवर कधी आली. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तर भलतीकडेच जातं. अमेरिकेत ब्यूक कंपनीने लुकलुकणारे दिवे १९३९ च्या गाड्यांवर आणले, तेव्हा त्यात ना हात होता ना पंजा. चार दाव्यांना चार वेगळे पुरावे लागतात. लोकप्रिय गोष्ट एका दाव्याचा पुरावा दाखवते आणि चारही पदरात पाडून घेते. तुमच्या आराखड्यातलं 'प्रथमच' यातलं कुठलं, हे आधी ठरवा.

मधला थांबा: हात चालायचा कसा

युरोपात दिव्यांच्या आधी बरीच वर्षं या यांत्रिक हाताचं राज्य होतं. इंग्रजांनी त्याला ट्रॅफिकेटर म्हटलं. मॉरिस मायनरवर तो १९६१ पर्यंत टिकला, युरोपातल्या फोक्सवागन बीटलवर १९६० पर्यंत. जुन्या गाड्यांच्या एखाद्या प्रदर्शनात अशी मायनर दिसली तर दाराच्या मागे, गाडीच्या अंगातच असलेली उभी खाच शोधा. हात त्यात मिटून बसतो.

आत बारावीचंच पदार्थविज्ञान आहे. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की लोखंडी दांडा आत ओढला जातो, दांड्याला जोडलेला हात उचलला जाऊन बाहेर आडवा येतो आणि त्यातला छोटा दिवा पेटतो. वीज बंद झाली की हात स्वतःच्या वजनाने खाली पडून खाचेत जातो.

कल्पना सरळ रेल्वेवरून आलेली. खर्डी स्टेशनात आता रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत, पण 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी सुटणार, ही जुन्या माणसांची भाषा त्या खाली येणाऱ्या हाताचीच आहे.

पण नक्कल अर्धीच झाली. रेल्वेचा हात कुठल्या कोनात असला की काय अर्थ, हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तो वाचणारा ड्रायव्हर शिकून आलेला असतो. रस्त्यावर मागून येणारा कुणीही असू शकतो: सायकलवाला, बैलगाडीवाला, काल लायसन्स मिळालेला. शिवाय हा हात नाजूक. गंजला की अडकायचा, आणि मग गाडीच्या खांबावर आतून बुक्की मारून तो बाहेर काढायचा. बाहेर आलाच नाही तरी चालवणाऱ्याला कळेल याची खात्री नाही, कारण तो त्याच्या नजरेच्या मागे. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी हे बरंचसं सोडवलं. तिथं एक बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत लुकलुकण्याचा वेग बदलतो, म्हणजे बिघाडाची बातमी आतल्या माणसालाही मिळते. दिवा जिंकला यामागे रस्त्याला दिसण्याइतकंच हेही कारण असावं, असं मला वाटतं.

विधान दुसरं: 'आपल्या कायद्यात यांत्रिक हात आजही चालतो'

हे विधान करताना मी फार खूश होते, कारण ते मी स्वतः शोधलं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२१. चालकाने खुणा कराव्यात असं सांगून ते म्हणतं की उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत वळण्याची किंवा थांबण्याची खूण गाडीला बसवलेल्या यांत्रिक किंवा विद्युत साधनाने करता येईल. १९३९ च्या कायद्यातही असंच होतं. म्हणजे १९८८ मध्येही 'यांत्रिक' शब्द तसाच राहिला! मी जाहीर करून टाकलं की उद्या कुणी ट्रॅफिकेटर बसवला तर कायद्याने चालेल.

मॅडम म्हणाल्या, "कलमात 'साधन' या शब्दाच्या आसपास अजून काय लिहिलंय, ते परत वाच."

'विहित प्रकारचं' साधन, असं लिहिलंय. विहित म्हणजे कुठंतरी दुसरीकडे ठरवून दिलेलं. ते दुसरीकडे म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०२. तिथं वळण्याच्या खुणेला विजेवर चालणारे, पिवळसर नारिंगी, मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारे दिवे सांगितलेत. थांबण्याच्या खुणेला मागे लाल विजेचा दिवा. कायद्याने उघडं ठेवलेलं दार नियमाने बंद केलं होतं. मी दार पाहिलं, कडी पाहिली नाही.

संशोधनात हे सतत होतं. सारांश वाचून निबंध वाचल्यासारखं वाटतं, निबंध वाचून त्याची पुरवणी वाचल्यासारखं वाटतं. एखादा शब्द 'पुढं बघा' म्हणत असतो आणि आपण खुशीत पुढं जातो.

मग हाती काय लागलं

कायदा वाचतच होते, म्हणून १९८९ चे रस्त्याचे नियमही काढले (ते २०१७ मध्ये बदलले, म्हणून भूतकाळ). त्यात चालकाने हाताने करायच्या पाच खुणा होत्या:

१. हळू होतोय: उजवा हात बाहेर, तळवा खाली, वरखाली हलवायचा.
२. थांबतोय: उजवा हात कोपरापासून सरळ वर.
३. उजवीकडे वळतोय: हात आडवा, तळवा पुढे.
४. डावीकडे वळतोय: हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा.
५. मागच्या, तू पुढे जा: हात आडवा धरून मागेपुढे झुलवायचा.

आणि लगेच पुढचा नियम म्हणायचा की याच खुणा यांत्रिक किंवा विद्युत साधनांनीही सोप्या करता येतील.

इथं थांबा आणि मोजा. हाताचे शब्द पाच. साधनाचे शब्द किती? डावं, उजवं, थांब. तीन. 'हळू होतोय' आणि 'तू पुढे जा' यांना ना ट्रॅफिकेटरमध्ये जागा मिळाली ना दिव्यात. ब्रेकचा दिवा हळू होणं आणि थांबणं एकाच लाल रंगात सांगतो. 'पुढे जा' तर गळूनच पडलं.

यंत्राने काही दिलं, हेही मान्य करायला हवं. रात्री हात दिसत नाही, दिवा दिसतो. उजवीकडे बसलेल्या चालकाला डावीकडे बोट दाखवताच येत नाही, म्हणून तर ती हात फिरवायची खूण. ती शिकल्याशिवाय कळत नाही. यंत्राने डाव्या बाजूला खराखुरा हात दिला. आपल्या ट्रकवर हे काम क्लिनर करायचा, आजही करतो: डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात लांब करतो.

पण गळलेल्या शब्दाची गरज गळत नाही. शहापूरहून किन्हवलीकडे किंवा मुरबाडहून माळशेजकडे दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलात की बघा. पुढचं वळण फक्त त्या ट्रकवाल्याला दिसतंय. त्याला तुम्हाला 'ये' किंवा 'थांब' सांगायचंय आणि हाताशी दोनच दिवे आहेत. मग तो त्यातलाच एक उसना घेतो. खर्डीला चहाच्या टपरीवर मी दोन चालकांना विचारलं. एक म्हणाला, "उजवा लावला म्हणजे ये, रस्ता मोकळा आहे." दुसरा म्हणाला, "उजवा म्हणजे येऊ नको, समोरून गाडी आहे. डावा दिला तर ये." दोन माणसांशी गप्पा म्हणजे सर्वेक्षण नव्हे, हे मला माहीत आहे. पण एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ एकाच रस्त्यावर चालतात, एवढं सांगायला दोन माणसं पुरतात. आणि तिसरा अर्थ नियमातला: तो खरंच उजवीकडे वळतोय. यातला कुठला, हे मागच्या मोटारसायकलवाल्याने निमिषात ओळखायचं. चुकला तर काय होतं ते या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून त्या लोकप्रिय गोष्टीवर माझा खरा आक्षेप तारखेचा नाही. तारीख दुरुस्त करता येते. आक्षेप हा की 'कुणी शोधला' विचारताना आपण असं धरून चालतो की एक पूर्ण वस्तू कुणाच्यातरी डोक्यातून बाहेर पडली आणि प्रश्न मिटला. खूण मात्र पूर्ण होते ती मागच्याला कळल्यावर. नटीने हात बसवला असेल, डग्लस-हॅमिल्टनने पंजा काढला असेल. त्यांच्या गाडीमागचा माणूस तो हात बघून काय समजला, हे दोन्ही गोष्टींत कुणी विचारलेलंच नाही. त्यामुळे हाताकडून यंत्राकडे येताना काय सांडलं, हेही दिसत नाही.

आता तुमच्यासाठी काम. आराखड्यातलं 'प्रथमच' असलेलं वाक्य काढा. ते वरच्या चार दाव्यांपैकी कुठलं आहे ते समासात लिहा आणि त्याच दाव्याचा पुरावा आहे का बघा. मग ज्या जुन्या पद्धतीच्या जागी तुम्ही नवी आणताय, तिला काय काय जमायचं याची यादी करा, अगदी हाताच्या पाच खुणांसारखी, आणि नव्या पद्धतीत त्यातलं किती उरतं ते मोजा. माझ्या संवेदकाच्या बाबतीत मी हे केलं तेव्हा सातपैकी चार उरले. 'प्रथमच' खोडलं. त्या जागी उरलेल्या तिघांवर एक परिच्छेद लिहिला, आणि आता माझं तिसरं प्रकरण त्यावरच चाललंय.