'आय कन्फेस' : जाळीआडचं मौन आणि त्याची किंमत

या मालिकेत आपण एकेका चित्रपटाच्या निमित्ताने नीतिशास्त्रातला एकेक प्रश्न घेत आलो आहोत. आज हिचकॉकचा १९५३ सालचा 'आय कन्फेस' घेऊ. हिचकॉकच्या चाहत्यांना विचारलं तर हा चित्रपट ते यादीत बराच खाली ठेवतील. खुद्द हिचकॉकही ठेवायचा. फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ साली त्याची जी प्रदीर्घ मुलाखत घेतली, तीत तो म्हणतो की हा चित्रपट करायलाच नको होता. धर्मगुरू पापनिवेदनातलं गुपित फोडू शकत नाही हे कॅथलिकांना माहीत असतं. पण बाकीच्यांना वाटतं, एवढ्यासाठी कुणी माणूस जीव पणाला लावेल का? त्यांना ते पटतच नाही, आणि मग चित्रपट कोसळतो.

आमचं मत वेगळं आहे. ते मौन पटत नाही ही चित्रपटाची अडचण नाही. ते फार सहज पटतं, ही आहे.

कथा थोडक्यात सांगतो. कॅनडातलं क्वेबेक शहर. फादर लोगन, म्हणजे माँटगोमेरी क्लिफ्ट. त्याच्या चर्चमध्ये केलर नावाचा जर्मन निर्वासित कामाला आहे, त्याची बायको आल्माही तिथेच राबते. केलर विलेट नावाच्या वकिलाच्या घरी चोरी करायला जातो, पकडला जातो आणि त्याचा खून करतो. अंगावर धर्मगुरूचा झगा चढवलेला, त्यामुळे बाहेर पडताना ज्या दोन मुली त्याला बघतात त्यांना एक 'फादर' दिसतो. त्याच रात्री केलर चर्चमध्ये येऊन लोगनपाशी कबुली देतो. पुढे संशय लोगनवरच येतो, कारण रूथ या त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीला विलेट धमकावून छळत होता. खुनी कोण हे लोगनला माहीत आहे, पण तो बोलू शकत नाही.

का बोलू शकत नाही? १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने एकाच नियमात दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं; आणि ते ऐकणाऱ्याने शब्दाने, खुणेने किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे ते उघड करायचं नाही. केलं तर त्याचं पद जाईल आणि उरलेला जन्म त्याने मठात प्रायश्चित्त घेत काढायचा. सक्ती आणि संरक्षण एकाच श्वासात आली, हे ध्यानात ठेवू. ज्याला दार उघडायला भाग पाडलं, त्याला कडीही द्यावी लागली.

आता ती लाकडी पेटी, ती जाळी. चित्रपटात पाहून आपल्याला वाटतं, जाळी म्हणजे गुप्ततेसाठीच असणार. इतिहास तसा सरळ नाही. त्याआधीची कित्येक शतकं धर्मगुरू चर्चमध्ये उघड्यावर बसे, माणूस शेजारी गुडघे टेकून हळू बोलायचा, आणि पुढचे लोक थोडं अंतर राखून थांबलेले असायचे. पेटीची रीत पक्की केली ती मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ याने. चर्चच्या बांधणीविषयीच्या १५७७ सालच्या त्याच्या सूचनांत तिचं बारकाईने वर्णन आहे. आणि मुख्य चिंता कसली होती? पापनिवेदनाला आलेल्या स्त्रीच्या आणि धर्मगुरूच्या मध्ये काहीतरी आडवं असावं, ही. या संधीचा गैरफायदा घेऊन स्त्रियांची छेड काढणाऱ्या धर्मगुरूंवर त्या काळात स्पेनमध्ये इन्क्विझिशनपुढे खटले चालत होते. थोडक्यात, जाळी आली ती हाताला अडवायला; कान आणि चेहरा यांचा प्रश्न नंतरचा. दिसावं सगळ्यांना, ऐकू कुणालाच येऊ नये, अशी ती रचना. ज्या वस्तूकडे आपण केवळ पाप्याच्या खासगीपणाचं चिन्ह म्हणून बघतो, ती मुळात ऐकणाऱ्यावरच्या अविश्वासातून आलेली आहे. (आज समोरासमोर बसूनही पापनिवेदन करता येतं, पण ज्याला हवी त्याला जाळी मिळालीच पाहिजे, असं चर्चचा कायदा सांगतो.)

चित्रपटाकडे परत येऊ. हिचकॉकने एक गोष्ट अशी केली आहे की तिच्याकडे समीक्षकांनी पुरेसं पाहिलेलं नाही असं आम्हाला वाटतं. केलर कबुली देतो तेव्हा कॅमेरा पेटीच्या आत आहे. म्हणजे आपण आत आहोत. चर्चच्या कायद्याचं ९८३वं कलम आहे, त्याच्या पहिल्या भागात धर्मगुरूचं बंधन सांगितलं आहे. दुसरा भाग दुभाष्याबद्दल आणि ज्या ज्या कुणाला पापनिवेदनातून पापाची माहिती झाली त्या सगळ्यांबद्दल आहे. गुप्तता त्यांनाही लागू. म्हणजे चोरून ऐकणाऱ्यालाही. हिचकॉक लंडनच्या जेझुइट शाळेत शिकलेला माणूस. त्याने प्रेक्षकाला त्या दुसऱ्या भागात नेऊन बसवलं. पुढचा सगळा वेळ आपण ते ओझं घेऊन बसतो आणि मनातल्या मनात लोगनला म्हणतो, अरे बोल! आणि तो बोलला नाही की त्याचा अभिमानही वाटतो.

लोगन चौकशीत काय म्हणतो तेही बघा. सांगू शकत नाही, असं म्हणतो. थॉमस अ‍ॅक्वायनसच्या मते त्याला याहून पुढे जाता आलं असतं. पापनिवेदनात कळलेली गोष्ट धर्मगुरूला माणूस म्हणून कळलेलीच नसते, ईश्वराच्या जागी बसलेला म्हणून कळलेली असते. म्हणून 'मला माहीत नाही' असं तो बेलाशक म्हणू शकतो आणि ते खोटं ठरत नाही, असं हे प्रतिपादन. कांटला हे पचलं नसतं, ते सोडा. पण लोगनलाही ते पचलेलं दिसत नाही. तो आधुनिक माणूस आहे, त्याला एकच मन आहे. 'सांगू शकत नाही' या तीन शब्दांतच लपवण्यासारखं काहीतरी असल्याची कबुली येते, आणि इन्स्पेक्टर लारूचा संशय तिथून घट्ट होतो. क्लिफ्टचा चेहरा हे काम विलक्षण करतो. मुद्रा ओठांवर असते, डोळ्यांवर कशी ठोकणार?

आता मूळ प्रश्नाला हात घालू. हे गुपित आहे कुणाचं?

आपण सहज म्हणतो, पापनिवेदन करणाऱ्याचं. डॉक्टरकडे रुग्णाचं असतं, वकिलाकडे अशिलाचं, तसं. मग ज्याचं गुपित, त्याने परवानगी दिली तर? अ‍ॅक्वायनस म्हणतो, अशा परवानगीने धर्मगुरू बोलू शकतो. त्याच्या दृष्टीने किल्ली निवेदन करणाऱ्याच्या हातात आहे. पण २०१९ साली व्हॅटिकनच्या अपॉस्टॉलिक पेनिटेन्शरी या न्यायपीठाने टिपण काढलं, त्यात म्हटलं आहे की हे कर्तव्य थेट ईश्वराकडून येतं, म्हणून पापनिवेदन करणाराही धर्मगुरूला त्यातून मोकळं करू शकत नाही. हा फरक लहान नाही. पहिल्या मतात खासगीपणा हा एका माणसाचा हक्क आहे. दुसऱ्या मतात ती जागेभोवतीची भिंत आहे, आणि आतल्या माणसालाही ती ओलांडता येत नाही. माणसाच्या संरक्षणासाठी बांधलेली भिंत माणसापेक्षा मोठी झाली.

चित्रपटात हा फरक लपून राहतो, कारण केलर परवानगी देणाऱ्यातला नाही. पण केलरने आपलं गुपित बायकोला सांगितलेलं आहे, ते अगदी सहज. इथून आमची तक्रार सुरू होते. या चित्रपटात सांगणं तीनदा घडतं. केलरचं जाळीआड, आणि त्याभोवती आठशे वर्षांचा कायदा पहारा देतो. दुसरं रूथचं. लोगन खुनाच्या वेळी आपल्याबरोबर होता हे सिद्ध करायला तिला आपलं जुनं प्रेम उलगडून सांगावं लागतं, आणि कुणासमोर? पोलीस अधिकारी, सरकारी वकील, स्वतः लोगन आणि तिचा नवरा, सगळ्यांसमोर. तिला जाळी नाही. आणि तिच्या सांगण्याचा उपयोग तर होत नाहीच. मृत्यूची वेळ पुढची ठरते आणि तिच्याच जबानीतून लोगनविरुद्ध हेतू तेवढा हाती लागतो. तिसरं आल्माचं. लोगन पुराव्याअभावी सुटतो, बाहेर जमाव त्याच्या अंगावर जातो, ते आल्माला सहन होत नाही. ती धावते, हा निर्दोष आहे म्हणून सांगायला तोंड उघडते, आणि नवरा तिला गोळी घालतो.

मौन पाळणारा वाचला, बोलणारी मेली. आणि कॅमेरा तिच्यापाशी किती थांबतो? लगेच पाठलाग सुरू होतो, शातो फ्रोंतनाक हॉटेलमधला. लोगनने आपलं गुपित फोडलं या समजुतीने केलर स्वतःच सगळं ओकून टाकतो, पोलिसांची गोळी लागते आणि लोगनच्या हातात क्षमा मागत तो प्राण सोडतो. खुन्याला निरोपाचा प्रसंग मिळाला. आल्माच्या वाट्याला काही क्षण आले.

पटकथेच्या आधीच्या आराखड्यात लोगन शेवटी फासावर जायचा होता; स्टुडिओला ते मानवलं नाही. समीक्षक या बदलावर हळहळतात. तो शेवट अधिक प्रखर झाला असता हे खरं, पण आमचा आक्षेप त्याने मिटला नसता, उलट वाढला असता. मौन पाळणाऱ्याने स्वतःची मान दिली की ते मौन उदात्त वाटणारच. चित्रपटाने हिशेब असा मांडला आहे की किंमत लोगन चुकवतो. पडद्यावर खरोखर कुणी चुकवली हे आपण आत्ताच पाहिलं.

आणि म्हणून आपल्याला हे मौन इतकं सहज पटतं, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं. आपण भीष्माची प्रतिज्ञा ऐकत वाढलेले लोक. प्राण गेला तरी शब्द मोडायचा नाही, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच परंपरेत हिशेब तपासणारेही आहेत. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माकडे पाहताना हाच प्रश्न केला: या थोर व्रतापायी अंबेसारख्या स्त्रियांचं काय झालं? व्रत मोडायला हवं होतं की नको, हा वाद वेगळा. पण खर्च कुणाच्या खात्यावर पडला हे न विचारता व्रतस्थाला वंदन करणं ही अर्धी समीक्षा झाली. लोगनविषयी आजवर बरीचशी तशीच झाली आहे.

हे केवळ चित्रपटापुरतं असतं तर इतका वेळ घेतला नसता. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१७ साली शिफारस केली की अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देण्याच्या कर्तव्यातून पापनिवेदनाला सूट असू नये. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि क्वीन्सलंडने २०२० मध्ये तसे कायदे केले. यावरची चर्चा बहुतेक अत्याचार करणाऱ्याभोवती फिरली: तो कबुली देईल का, कायदा झाल्यावर तो येईलच का. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कमिशनने व्हॅटिकनकडून खुलासा मागवायला सांगितलेला एक प्रश्न. एखाद्या मुलाने पापनिवेदनात सांगितलं की माझ्यावर अत्याचार झाला आहे, तर तेही मुद्रेखाली येतं का? मुलाने काही पाप केलेलं नाही, ते दुसऱ्याचं सांगतं आहे. २०२० साली उत्तर आलं त्याचा आशय असा, की पापनिवेदनात कळलेलं सगळं त्यात येतं, दुसऱ्यांची पापंसुद्धा. मात्र धर्मगुरूने पीडिताला पेटीबाहेर मदत घ्यायला सांगावं.

म्हणजे दहा वर्षांचं मूल केलरच्या शेजारी बसवलं गेलं. दोघांच्या गुपिताला एकच कुलूप, आणि किल्ली दोघांकडेही नाही. 'बाहेर येऊन पुन्हा सांग' हा उपाय कागदावर ठीक दिसतो. पण एकदा सांगायला ज्याने सगळं बळ एकवटलं, ते मूल दुसऱ्यांदा सांगेलच याचा भरवसा कोण देणार?

आपल्याकडचा कायदाही पाहण्यासारखा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने माहिती देण्याचं कर्तव्य 'कोणत्याही व्यक्ती'वर टाकलं आहे, धर्मगुरूला वेगळं काढलेलं नाही. पुराव्याच्या कायद्यात वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, नवरा-बायकोच्या बोलण्याला आहे, धर्मगुरूचं नाव नाही. आपल्या न्यायालयात हा खटला चालला असता तर केलरने लोगनला सांगितलेलं उघडं पडलं असतं आणि आल्माला सांगितलेलं झाकलं गेलं असतं. हिचकॉकची कथाच उलटी झाली असती!

२०१८ साली केरळमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चचं एक प्रकरण गाजलं. पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा वापर करून एका स्त्रीचं शोषण केल्याचा आरोप काही धर्मगुरूंवर होता. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. आम्हाला ती मान्य नाही. वसईत, बांद्र्यात, गोव्यात शनिवारी संध्याकाळी रांगेत उभी राहणारी माणसं स्वेच्छेने तिथे येतात. पूर्ण खासगीपणे बोलता येईल अशा जागा माणसाला फार कमी मिळतात, आणि आता तर कमीच होत चालल्या आहेत. फूकोने पापनिवेदनात सत्तेचं यंत्र पाहिलं, ते बरंचसं बरोबर आहे; पण त्या यंत्रातून मोकळं होऊन बाहेर पडणारी बाई त्याच्या वर्णनात दिसत नाही. तो खासगीपणा टिकावा असंच आम्हाला वाटतं.

पण टिकवायचं ते माणसासाठी. ज्याने दुखवलं त्याच्या कबुलीचं काय करायचं यावर प्रामाणिक मतभेद राहतील; त्याचा विश्वास गेला तर तो येणारच नाही, या युक्तिवादात तथ्य आहे. ज्याला दुखवलं गेलं त्याच्याबाबत हा युक्तिवाद लागूच पडत नाही. तिथे अ‍ॅक्वायनसची जुनी तरतूद आजच्या टिपणापेक्षा शहाणी आहे: ज्याचं गुपित, त्याला ते सोडवून घेता आलं पाहिजे. मुलाने 'फादर, तुम्ही सांगा' म्हटलं, तर फादरला सांगता आलं पाहिजे. तेराव्या शतकातल्या डोमिनिकन पंडिताला जे अवघड वाटलं नाही, ते आज अवघड का व्हावं, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला त्या टिपणात सापडलं नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी जरूर पाहावा. त्यात सकाळच्या न्याहारीचा एक प्रसंग आहे. धर्मगुरू टेबलाशी बसले आहेत, आल्मा वाढते आहे आणि लोगनच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत टेबलाभोवती फिरते आहे. तिलाही सगळं माहीत आहे. तिच्या मौनाला कुठल्या परिषदेचा नियम नाही, तिला कुणी बांधलेलं नाही. तो प्रसंग लोगनकडे न बघता तिच्याकडे बघत पाहा. आता प्रश्न घेऊ.