‘झिम्मा’, हिरोशिमा आणि आमची काकू

‘झिम्मा’ आला तो १९ नोव्हेंबर २०२१ रोजी. थिएटरं उघडून महिनाही झाला नव्हता. मी आणि आई मास्क लावून गेलो. पुढच्या दोन रांगा भिशीच्या बायकांनी भरल्या होत्या आणि पडद्यावर निर्मिती सावंत दिसल्या की त्यातली एक जण शेजारणीला कोपराने ढोसायची. सिनेमा मला तेव्हा फार आवडला. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

हेमंत ढोमे यांचं दिग्दर्शन, इरावती कर्णिक यांचं लेखन. एकमेकींना न ओळखणाऱ्या सात बायका, एक तरुण टूर लीडर, आणि इंग्लंड. सिनेमाची सगळी मदार एका साध्या युक्तीवर आहे: घर मागे ठेवायचं. नवरा, सासू, मुलं बसमध्ये नसली की बाई बोलायला लागते. सुहास जोशींची इंदू आणि निर्मिती सावंत यांची निर्मला घरच्या माणसांसमोर जे कधी बोलल्या नसत्या ते अनोळखी बायकांसमोर बोलतात. युक्ती खोटी नाही. पर्यटन कंपन्यांना ती सिनेमाच्या आधीच उमगली होती. केसरीची ‘माय फेअर लेडी’ काय किंवा वीणा वर्ल्डची ‘वुमन्स स्पेशल’ काय, नुसत्या बायकांच्या टूर मराठी घरांत एव्हाना रुळल्या होत्या. (केसरी पाटील मूळचे आमच्या पालघरकडचे. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की हे ज्याला त्याला सांगितलं जातं, तिकीट दुसऱ्याच कंपनीचं असलं तरी.)

पण मग घर सोबत असलेल्या टूरचं काय? काका, काकू, आत्या, आई-बाबा, सगळ्यांच्या गळ्यात पासपोर्टच्या पिशव्या, आणि पुढे झेंडा धरून चाललेली गाईड. आपल्याकडे परदेशी जाणारी कितीतरी माणसं अशीच जातात, पण साहित्यात ती सापडत नाहीत. ‘अपूर्वाई’त पुलं आणि सुनीताबाई दोघंच. मीना प्रभू बहुतेक एकट्या. आपल्या प्रवासवर्णनातला ‘मी’ मोकळा असतो, वाट चुकू शकतो, कॅफेत तासभर बसू शकतो. गट आला की तो विनोदापुरता. ‘बटाट्याच्या चाळी’तलं भ्रमण मंडळ आठवून पाहा, आणि तेही जातं पुण्याला. पाच वडीलधारे घेऊन निघालेल्या माणसाला कॅफेत तासभर बसता येत नाही. त्याला बाथरूम शोधायचं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये ते काम माझ्याकडे आलं. माझा चुलतभाऊ ओसाकात नोकरीला आहे. त्याने काका-काकूंना बोलावलं, मग बाबा म्हणाले आम्हीपण येतो, मग आत्याला कसं सोडायचं. भावाला सुट्टी दोनच दिवस. बाकीच्या दिवसांसाठी मी एकेका दिवसाच्या गाईडसह टूर काढल्या. त्यातली एक हिरोशिमा-मियाजिमा. आम्ही सहा जण आणि चार ऑस्ट्रेलियन. गाईड साठीच्या पुढची, बारीक चणीची बाई, हातात पिवळा झेंडा. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायचे. बोईसरहून विरारच्या कॉलेजात जाताना डहाणू लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून मी जेवढा संयम कमावला होता, तेवढा सगळा त्या दिवशी खर्ची पडला.

स्टेशनवरच तिने विचारलं, कुठून आलात? मी सवयीने म्हणाले, मुंबई. काकू मागून म्हणाली, ‘मुंबई कशाला सांगतेस? तारापूर सांग.’ मी हसून विषय बदलला. बोईसरबाहेर शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकाला हे उत्तर तोंडपाठ असतं. मुंबई म्हटलं की पुढचे तीन प्रश्न वाचतात.

त्या दिवशी मात्र ते प्रश्न मला वाचवायचे होते त्याला वेगळं कारण होतं. काका एकतीस वर्षं टॅप्समध्ये होते, मेंटेनन्सला. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ साली सुरू झाली, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची बॉइलिंग वॉटर रिॲक्टर. फुकुशिमाचं पहिलं युनिट त्याच पिढीतलं. २०११ च्या मार्चमध्ये मी आठवीत होते. तेव्हा घरी टीव्ही लागला की काका उठून अंगणात जायचे. अणुबॉम्ब आणि अणुभट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत हे मलाही कळतं आणि काकांना तर माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ‘ते वेगळं, आपलं वेगळं’ हे ते शिनकानसेनमध्येच आत्याला दोनदा समजावून झाले होते. पण ज्या गावावर बॉम्ब पडला तिथल्या बाईसमोर मराठीतलं ‘अणुशक्ती’ इंग्रजीत न्यायची माझी तयारी नव्हती.

म्युझियममध्ये बोलायचं नसतं, त्यामुळे भाषांतराचंही काम नव्हतं. सव्वाआठला थांबलेलं घड्याळ, लहान मुलाची तीनचाकी सायकल, दगडी पायरीवर उरलेली माणसाची सावली. गर्दी हळूहळू पुढे सरकते. काकू थांबली ती एका शाळकरी मुलाच्या डब्यापाशी. आतलं जेवण जळून काळं पडलेलं. मागचे लोक बाजूने निघून गेले. काकूने एकतीस वर्षं काकांच्या शिफ्टप्रमाणे डबा केला आहे, रात्रपाळीलासुद्धा. तिथे ती काही बोलली नाही, बाहेर आल्यावरही नाही. आत्या रडली, बाबांनी पाणी विकत आणलं.

मग नदीकाठच्या बाकांवर दहा मिनिटं विश्रांती. समोर मोतोयासु नदी, पलीकडे तो घुमट. यान लेत्झेल या चेक वास्तुरचनाकाराने बांधलेली, १९१५ साली पुरी झालेली ती इमारत. गाईड काकांशेजारी बसली आणि तिने विचारलं, तुम्ही काय काम करायचात? मी म्हणाले, पॉवर स्टेशनमध्ये होते. काकांना एवढं इंग्रजी कळतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘न्यूक्लिअर म्हण की.’ आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच तिला म्हणाले, ‘न्यूक्लिअर. थर्टी वन इयर्स.’

ती दचकली वगैरे नाही. तिने मान हलवली आणि विचारलं, तुमचं घर जवळच होतं का? ‘हाऊस’ एवढा शब्द काकूला कळला असावा. ती म्हणाली, ‘माझं माहेर होतं तिथे. आता तिथे प्लँट आहे.’ मग माझ्याकडे बघून, ‘हे सांग तिला.’

काकूचं माहेर पोफरण. चौथं युनिट २००५ ला सुरू झालं आणि तिसरं २००६ ला, क्रम असा उलटाच. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. हे सगळं मला माहीत होतं, जसं घरातल्या बंद कपाटाबद्दल माहीत असतं. काकांचा पगार जिथून यायचा तिथेच काकूचं माहेर गेलं, हे एका वाक्यात, काकांच्या समोर बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी भाषांतर केलं. काका नदीकडे बघत राहिले. गाईडने काकूला विचारलं, तिथे झाडं कुठली होती? काकू म्हणाली, ताडाची. मला ताडाचं इंग्रजी पटकन सुचेना. मग दहा मिनिटं झाली, झेंडा वर गेला आणि आम्ही मियाजिमाच्या बोटीकडे निघालो. तिथे हरणाने आत्याच्या हातातला नकाशा खाल्ला.

परत आल्यावर मी ‘झिम्मा’ पुन्हा पाहिला आणि मग ‘झिम्मा २’ही. या वेळी मला खटकलं ते असं, की त्या टूरमध्ये कुणालाच भाषांतर करावं लागत नाही. टूर लीडर मराठी, बस मराठी, भांडणं मराठी. इंग्लंड खिडकीबाहेर हिरवंगार आहे, पण ते या बायकांना काही विचारत नाही. म्हणून त्यांच्या कबुल्या आपापसातच फिरतात. पहिल्या भागात ते खपून जातं, कारण संवाद चटपटीत आहेत आणि ओळखी नव्या आहेत. दुसऱ्यात इंदूच्या पंच्याहत्तरीसाठी त्यातल्या बहुतेक जणी पुन्हा तिकडेच जातात, रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे येऊन मिळतात, आणि सिनेमाला परकेपणाची गरजच उरत नाही. त्या आता एकमेकींचं घर झाल्या आहेत. मग महाबळेश्वर का नको?

आणि तरी सिनेमाचं एक म्हणणं मला नाकारता येत नाही. काकू बोलली ती घरच्यांशी नाही, परक्या बाईशी बोलली. मी एवढंच म्हणेन की घरचे शेजारी बसलेले होते म्हणून त्या बोलण्याला वजन आलं. नुसत्या मैत्रिणींच्या बसमध्ये तेच वाक्य एक हळवा प्रसंग झालं असतं, मागून संगीत आलं असतं. इथे काकांना ते ऐकावं लागलं, आणि त्यानंतर सहा दिवस एकाच खोलीत राहावं लागलं. कर्णिकांसारख्या लेखिकेने ही बस कधीतरी लिहावी. मला ते जमणारं नाही. मी फक्त तिकिटं काढते.

‘झिम्मा २’ लॅपटॉपवर लावला तेव्हा मी बोईसरला होते आणि काकू शेजारी लसूण सोलत होती. अर्धा होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘इतके दिवस यांच्या घरी जेवायला कोण वाढतं गं?’

आतल्या खोलीतून काका म्हणाले, ‘मी घेतलं असतं वाढून.’

‘कधी?’ काकू म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.