देवदूतांची झोप

दिवाळी अंकात साथीचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना इस्पितळाचा वास कोणाला हवा? परंतु सारे घर ज्या अंकाभोवती बसते, त्यातच हे बोलावे असे मला वाटते. आमच्या मराठवाड्यात गावोगावी एखादी मुलगी नर्स असते, एखादी सून आशा असते आणि धाकटा लातूर-नांदेडच्या शिकवणीत डॉक्टर होण्याची तयारी करीत असतो.

विषय साहित्याचाच आहे. प्रारंभ माझ्याच फसलेल्या लेखनापासून करतो. 2020च्या साथीवर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा तिच्यात मी एक परिचारिका घातली. ती अहोरात्र जागे, हसतमुखाने रुग्णांच्या उशाशी बसे आणि शेवटी साथीतच मरे. हस्तलिखित माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला वाचायला दिले. तिने कोविड-कक्षात महिनोन् महिने काढले होते. वह्या परत करताना ती म्हणाली, "सर, छान आहे. पण तुमच्या सिस्टरला झोप येतच नाही का? तहान लागत नाही? तो पोशाख मधेच काढावा लागू नये म्हणून आम्ही पाणीसुद्धा पीत नव्हतो. आणि ती एकदाही कुणावर ओरडत नाही. मी ओरडले होते, सर. एका आजोबांवर. अजून आठवतं."

तेव्हापासून आपल्या कथा-चित्रपटांतील इस्पितळे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. तिथे परिचारिकेचे साचे मुख्यतः दोनच : एक त्यागमूर्ती देवता आणि दुसरी खाष्ट, वसकन् अंगावर येणारी बाई. एकीला आपण हात जोडतो, दुसरीला शिव्या देतो. या दोन बाया नसून पाळीच्या आरंभीची आणि पाळीच्या अखेरची एकच बाई असू शकते, हे आमच्या लक्षात येत नाही.

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (1946) हा चित्रपट घ्या. द्वारकानाथ कोटणीस आमच्या शेजारच्या सोलापूरचे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले. युद्धात ते अहोरात्र शस्त्रक्रिया करीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. चित्रपट मोठ्या तळमळीचा आहे, यात शंका नाही. तथापि त्याच्या नायकाला साथीवर उपाय शोधण्यासाठी स्वतःच्या देहावर रोग घ्यावा लागतो. चार वर्षांचे नित्याचे काबाडकष्ट चित्रपटाला पुरेसे वाटले नाहीत, असेच म्हणावे लागते. पराक्रम पडद्यावर दिसतो. शिणवटा दिसत नाही, कारण त्यात घटना नसते.

घटना नसतानाही तो लिहिता येतो, हे आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने 1947च्या 'प्लेग' या कादंबरीत दाखविले आहे. ती मी इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. तिच्यातला डॉक्टर रिय शूर आहे की नाही, याची चर्चा फारशी नाही. बोलता बोलता त्याचा वृद्ध सहकारी खुर्चीतच झोपी जातो आणि ते पाहून रियचा गळा दाटून येतो. थकलेली माणसे स्वतःच घालून दिलेले स्वच्छतेचे नियम पाळायला चुकू लागतात. मन हळूहळू बधिर होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली अशा शिणवट्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा वाटणे आणि हातून काम नीट न होणे. कादंबरीकाराने ती सत्तर वर्षे आधी टिपली होती.

कोणी म्हणेल, साहित्यातल्या साच्याने काय बिघडते? बिघडते ते असे. 22 मार्च 2020 रोजी आपण थाळ्या वाजविल्या. 3 मे रोजी इस्पितळांवर विमानांतून फुले पडली. जून 2021 मध्ये राज्यातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात अर्भके होती. पाळण्यातल्या त्या बाळांचे दुःख शब्दांपलीकडचे आहे, आणि जाब विचारायलाच हवा होता. पण औषधे व माणसे यांच्या तुटवड्याची चर्चा चालू असतानाच एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले, आणि ते दृश्य सर्वांनी पाहिले. फुलांपासून झाडूपर्यंत साडेतीन वर्षे लागली. ज्याला देव केले, त्याला पगार, रजा आणि जोडीला माणूस लागतो हे विसरणे सोपे जाते; आणि देव चुकला की त्याला क्षमाही नसते.

माझ्या कादंबरीतील परिचारिकेचे मरण मी खोडून टाकले आहे. आता ती एका म्हाताऱ्यावर ओरडते, घरी येते, डबा तसाच ठेवून भिंतीला टेकते आणि बसल्या बसल्या झोपते. मुलगी तिच्या पायांतली चप्पल काढते. एवढेच घडते. हे प्रकरण मी चार वेळा लिहिले, अजून साधलेले नाही. माझी विद्यार्थिनी म्हणते, "सर, घाई करू नका. यंदा लक्ष्मीपूजनाला मला रात्रपाळी आहे; त्यानंतर निवांत वाचीन."