घटना कोणती? : गृह-वेबकॅमच्या प्रक्षेपणाविषयी काही विचार

वास्तववादाच्या चर्चेत ‘निवड’ ही कल्पना आपण इतकी गृहीत धरून चालतो की, तिची पुन्हा तपासणी करण्याची आवश्यकता सहसा भासत नाही. लेखक अनुभवातून काही उचलतो, काही टाकतो आणि या उचलण्याटाकण्यातच त्याची दृष्टी प्रकट होते. १८८० साली झोलाने कादंबरीला प्रयोगशाळेच्या जवळ नेण्याचा आग्रह धरला, तेव्हाही लेखकाच्या प्रकृतिधर्माची मध्यस्थी त्याने नाकारली नव्हती. घराच्या कोपऱ्यात बसविलेला आणि दिवसरात्र आपोआप चित्रे पाठविणारा कॅमेरा मात्र ही मध्यस्थी संपुष्टात आणतो, असा एक समज रूढ आहे. तो समज येथे तपासून पाहावयाचा आहे. त्यासाठी लिनक्स संगणकावर चालणारी ‘मोशन’ ही आज्ञावली आधाराला घेतली आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार कॅमेऱ्यांचे निर्णय बंद पेटीत असतात. हिचे निर्णय साध्या मजकुराच्या एका फाइलीत लिहिलेले असल्यामुळे ते एखाद्या संहितेप्रमाणे वाचता येतात.

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा ठेवण्यात आला. १२८ गुणिले १२८ बिंदूंचे करड्या छटांचे चित्र मिनिटाला सुमारे तीनदा बदलत असे. १९९३ मध्ये ते वेबवर आले आणि २००१ मध्ये बंद झाले. तेथे प्रश्न एकच होता : भांड्यात कॉफी आहे की नाही? त्यामुळे निवड उघड होती आणि तिच्याविषयी कोणाची फसगत होण्याचे कारण नव्हते. १९९६ मध्ये अमेरिकेत जेनिफर रिंगली या विद्यार्थिनीने ‘जेनिकॅम’ सुरू करून स्वतःच्या खोलीतील स्थिर चित्रे ठराविक अंतराने जगापुढे ठेवली; हा उपक्रम २००३ अखेर चालला. येथे प्रश्नच नाहीसा झाला व केवळ ‘जगणे’ उरले, असे अनेकांस वाटले. वस्तुतः दोन चित्रांमधील रिकामा काळ प्रेक्षक आपल्या कल्पनेने भरून काढीत असे. म्हणजे कथनाचे अर्धे काम तोच करी. शिवाय कॅमेरा तिने स्वतःवरच रोखला होता आणि तो काढून घेण्याचा अधिकारही तिचाच होता. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

आता मोशनकडे वळू. कॅमेरा जोडण्याचे काम आज फारसे कठीण राहिलेले नाही. बहुतेक यूएसबी वेबकॅम ज्या समान पद्धतीने बोलतात, ती ओळखणारा चालक लिनक्सच्या गाभ्यात २००८ सालीच समाविष्ट झाला. कॅमेरा तेथे ‘व्हिडिओ०’ अशा नावाच्या फाइलीच्या रूपाने दिसू लागतो. खरा विचार पुढे सुरू होतो. ही आज्ञावली प्रत्येक नवे चित्र एका संदर्भचित्राशी ताडून पाहते. बदललेल्या बिंदूंची संख्या ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ‘घटना’ घडली असे ती मानते. ‘घटना’ हा शब्द माझा नव्हे. तो त्या फाइलीतलाच आहे. या मर्यादेस आपण उंबरठा म्हणू. तो मुळात १५०० बिंदूंचा ठेवलेला असतो. चित्र ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० बिंदूंचे असेल, तर सुमारे अर्धा टक्का. हालचाल थांबून साठ सेकंद लोटली की घटना संपली. आरंभ, शेवट आणि पात्रता : कथानकाच्या व्याख्येस आणखी काय हवे?

हे केवळ तांत्रिक आकडे आहेत, त्यांत दृष्टीचा प्रश्न येतोच कुठे, असा आक्षेप संभवतो. अँडी वॉरहॉलच्या ‘एम्पायर’ (१९६४) या चित्रपटात एका इमारतीखेरीज काहीच नाही. तरीही सेकंदाला चोवीस चौकटींनी टिपलेले सोळा चौकटींच्या गतीने दाखविल्यामुळे काळ मंदावतो, आणि त्या मंदावण्यात कर्त्याचा हात स्पष्ट दिसतो. आकडाच तेथे शैली झाला आहे.

मोशनच्या बाबतीत याचे परिणाम अधिक गंभीर आहेत. संदर्भचित्र सतत अद्ययावत होत असते. जे हलत नाही ते काही वेळाने त्यात मिसळून जाते. वाऱ्याने पडदा जोराने हलला की घटना. आरामखुर्चीत निश्चल बसलेली वृद्ध स्त्री मात्र खुर्चीसह पार्श्वभूमी होते. परदेशी गेलेली मुले पुण्यातील वा सांगलीतील घरावर अशीच नजर ठेवतात, ती बहुधा काळजीपोटी. परंतु ज्या स्वस्थपणाची काळजी करावयाची, तोच या गणिताच्या उंबरठ्याबाहेर राहतो. ही उणीव यंत्राची म्हणता येणार नाही. चोर पकडण्यासाठी ठरविलेली घटनेची व्याख्या माणसाच्या सोबतीसाठी वापरली जाते, हा साहित्यप्रकारांचा घोटाळा आहे.

प्रक्षेपणाविषयी त्या फाइलीत एक उल्लेखनीय संयम आढळतो. मूळ मांडणीत प्रवाह फक्त त्याच संगणकावर पाहता येतो. तो बाहेर खुला करण्यासाठी एक शब्द बदलावा लागतो. आणि परवलीचा शब्द न ठेवता तो बदलला, तर त्या जाळ्यातून पोहोचू शकणाऱ्या कोणालाही घर दिसते. झाकण्याच्या सोयी दोन आहेत. एकीने चित्राच्या ठराविक भागातील हालचाल मोजली जात नाही. पण तो भाग दिसत राहतो. दुसरीने तो भाग चित्रातूनच पुसला जातो. पहिली सोय पाहणाऱ्याचा त्रास वाचवते, दुसरी पाहिल्या जाणाऱ्याचा मान राखते. माझ्या मते लेखकाची जबाबदारी दुसरीत सुरू होते. पण स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईने हे झाकणाचे चित्र आपल्या हाताने काढावे, अशी वाट त्या फाइलीत नाही. जेनिफर रिंगलीजवळ ती पहिल्या दिवसापासून होती.